कॅम्पर व्हॅनचा उचलता टप दर पावसाळ्यात गळतोय? आधी कणीक मळा

सलग तीन पावसाळे माझ्या गाडीचा टप गळला आणि पहिली दोन वर्षं मी एकच काम करत राहिलो, जिथं पाणी दिसलं तिथं वरून ट्यूब मारून घ्यायची, आधी सिलिकॉनची, मग दुसरी. चौथ्या वर्षी गळती थांबली ती आईनं चपात्यांसाठी मळून ठेवलेल्या कणकेमुळं. चेष्टा नाही, खाली सांगतो कसं ते. माझ्या ओळखीत बेळगाव-खानापूरकडच्या अजून तिघांनी जुन्या व्हॅनला उचलता टप बसवून घेतलाय, पॉप-टॉप म्हणतात तोच, आणि तिघांची रड सेम टू सेम, जून आला की टपातून टप टप.

माझी गाडी जुनी टाटा विंगर व्हॅन, फ्लॅट रूफवाली. टपाला सहा फूट बाय साडेतीन फुटांचं भोक, भोकाच्या काठानं आतून चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड केलेली, काठावर डी आकाराचं पोकळ रबर आणि वर फायबरचं झाकण. बिजागऱ्या मागं, उचलतं पुढून, दोन्ही बाजूला एकेक गॅस शॉक (डिकीला असतो तसाच), पुढं दोन लॅच आणि उघडल्यावर भोवतीनं ताडपत्रीचा तंबू. झाकण खाली आलं की रबरावर दाबून बसतं, पाणी अडवायचं काम त्या रबराचं, सिलिकॉनचं नव्हेच. एवढं डोक्यात शिरायला मला तीन वर्षं लागली बघा.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, पाणी नक्की केव्हा येतंय. गाडी उभी असताना पावसात येतंय, की पावसात चालवताना येतंय, की पाऊस नसतानाही पहाटे येतंय. ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि माझ्या गाडीला तिन्ही एकदम होती, म्हणून एकाचा उपाय केला की दुसरं चालूच राहायचं आणि मला वाटायचं उपाय फसला.

पहाटेचं आधी उरकतो कारण ते सोपं आहे. डिसेंबरात आंबोलीला गेलो होतो, पावसाचा थेंब नाही, आणि सकाळी सहाला बायकोच्या कपाळावर थेंब पडला. ती म्हणाली एवढे पैसे घालून टप कापलास त्यापेक्षा तंबू बरा होता. मी लगेच वर जाऊन सिलिकॉन मारायच्या तयारीत, पण बाहेर सगळं कोरडं, दव सोडलं तर काही नाही. ते पाणी आमच्याच श्वासाचं होतं. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की अर्धा लिटरच्या आसपास पाणी सहज हवेत सोडतात, त्यात रात्री आत चहा-मॅगी केली तर विषयच संपला, एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, भांड्यातली वाफ वेगळीच. ती वाफ जिथं सगळ्यात गार लोखंड मिळेल तिथं जाऊन बसते, म्हणजे आपली ती चौकोनी फ्रेम. खात्री करायची असेल तर हातभर जाड प्लास्टिक घ्या, छताला चारी बाजूनं टेप लावून चिकटवा आणि सकाळी बघा. तुमच्याकडच्या बाजूला थेंब असतील तर वाफेचं पाणी, प्लास्टिकच्या मागं ओल असेल तर गळती. शिवाय गळतीचं पाणी मळकट, गंजाच्या रंगाचं असतं, वाफेचं एकदम स्वच्छ. उपाय म्हणजे तंबूची जाळी दोन्हीकडनं चार बोटं उघडी ठेवून झोपायचं, थंडी वाजली तरी, आणि फ्रेमच्या पाइपला एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राइल रबरची शीट चिकटवायची. आत गॅस पेटवणार असाल तर खिडकी उघडी हवीच, ते काय फक्त वाफेसाठी नाही, जीवासाठी.

आता मेन गळती. उभ्या गाडीत, पावसात.

आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते जांबोटीच्या पुढं गेलेल्याला सांगायला नको. कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते तिथं, जुलैत एक रात्र गाडी लावली तर वर्षभराची टेस्ट एका रात्रीत होते. पहिल्या वर्षी तिथंच ड्रायव्हर सीटच्या वर पाणी ठिबकायला लागलं. मी काय केलं, ड्रायव्हर सीटच्या वरच्या काठाला बाहेरून सिलिकॉन मारलं. दुसऱ्या वर्षी तिथंच परत, मग दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दाखवलं, त्यानं जुन्या सिलिकॉनवरच पीयू मारून दिलं, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट, विंडस्क्रीनची काच बसवायला वापरतात ते. पंधरा दिवसांत तव्यावरचं घावन सुटावं तसं ते अख्खंच्या अख्खं सुटून हातात आलं. सिलिकॉनवर दुसरं काहीच धरत नाही, पेंट नाही, पीयू नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नीट नाही. आणि खाली बघतो तर पत्र्यावर गंजाची लाइन. ज्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि उघड्या लोखंडाला खातं, ते बाथरूमच्या टाइलला ठीक, गाडीच्या कापलेल्या काठाला नको. मी ते तीन ट्यूब मारलं होतं, काय बोलणार.

तिसऱ्या वर्षी ठरवलं की आधी पाणी शिरतं कुठून ते शोधायचं, तोपर्यंत ट्यूबला हात लावायचा नाही. पाइप घेतला, बागेत लावतो तो साधा. प्रेशर वॉशर अजिबात घेऊ नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि मग आपण नसलेली गळती शोधत बसतो. पुतण्याला टॉर्च देऊन आत बसवला, आतल्या फ्रेमला सगळीकडं टाल्कम पावडर मारली म्हणजे ओघळ आला की पावडरीत रेघ दिसते. मग बाहेरून पाणी सोडायचं ते खालून वर. आधी फक्त खालचा काठ, मग रबराची लाइन, मग झाकणावरचे स्क्रू, आणि एका जागी दहा मिनिटं, घाई करायची नाही. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडनं ओघळतं आणि कुठलं कुठं शिरलं काही कळत नाही. ताडपत्रीची शिलाई टप उघडून वेगळी बघायची. कापडी कॅनव्हास नवी असेल तर आधी एकदा पूर्ण भिजवून वाळवा, सुताचा दोरा फुगतो आणि सुईची भोकं आपोआप बंद होतात. शहापुरातल्या गाड्यांचे हूड शिवणाऱ्यानं मला हे सांगितलं होतं पण मी ऐकलं नव्हतं.

डाव्या बाजूला रबराच्या बरोबर मध्यावर पाणी सोडलं आणि दोन मिनिटांत पुतण्या आतून ओरडला, काका आलं! कुठं आलं? ड्रायव्हर सीटच्या वर. म्हणजे पाणी शिरलं तिथून तीन फूट पुढं. गाडी रिव्हर्स घेऊन उताराला उलटी लावली, पुढचं तोंड वर, परत पाणी सोडलं, तर थेंब मागच्या बेडवर पडायला लागला. शिरायची जागा तीच, बाहेर पडायची जागा उताराप्रमाणं बदलते. मग डोक्यात आलं की मधे पाणी फिरतंय ते त्या चौकोनी पाइपच्या पोटातून. पाइप पोकळ, वेल्डिंगच्या टाक्यांमध्ये बारीक फटी, पाणी त्यातून पाइपमध्ये जातं आणि उताराकडं निघून जिथं पुढची फट मिळेल तिथून टपकतं. फ्रेमच्या पुढच्या कोपऱ्यात खालून ४ मिमीचं भोक पाडलं, खाली स्टीलचा ग्लास धरला, बिनदुधाच्या चहासारखं तांबूस पाणी अर्धा ग्लास निघालं. त्याआधी चार दिवस पाऊस नव्हता. हे पाणी वर्षानुवर्षं आत बसून फ्रेम खात होतं आणि मी वरून सिलिकॉन मारून त्याची बाहेर पडायची वाट बंद करत होतो.

म्हणून थेंब पडतो ती जागा विसरा, गाडी दोन्ही उतारांना लावून बघा. थेंबाची जागा बदलली तर पाइपमधून फिरतंय, न बदलता तिथंच पडला तर बहुतेक वरचा एखादा स्क्रू किंवा लॅचचा बोल्ट, तो काढून वॉशरखाली पीयू घालून परत बसवला की काम झालं.

आता रबर मध्यावरच का सोडतंय. कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद केलं आणि ओढली, कोपऱ्यात फाटली, मध्यावर अलगद निघून आली. फट आहे हे कळलं पण किती? इथं कणीक आली. आई चपात्या करत होती, म्हटलं थोडी दे. लिंबाएवढे गोळे केले, जरा घट्टच मळायची, सैल कणीक पसरते, प्रत्येक गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळला नाहीतर फायबरला चिकटतो, आणि रबराच्या शेजारी पत्र्यावर हात-हात अंतरानं सगळ्या काठाला ठेवत गेलो. झाकण बंद, लॅच लावले, पाच मिनिटांनी हळू उघडलं. गोळे चपटे झालेले. एकेक सुरीनं मधोमध कापला आणि कापलेल्या बाजूला पट्टी लावून जाडी मोजली आणि तिथंच पत्र्यावर स्केचपेननं लिहिली. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत ७ मिमी. मागं बिजागरीपाशी ९. डाव्या बाजूला मध्यावर १५! उजवीकडं १३. रबराची उंची १४ मिमी. म्हणजे डावीकडं मध्यावर झाकण रबराला टेकतच नव्हतं, आणि कोपऱ्यात रबर निम्म्यापर्यंत चेपून मेलं होतं. असलं पोकळ रबर साधारण तिसरा हिस्सा दाबलं जायला पाहिजे, १४ च्या रबराला फट ९ ते १० मिमी असली की बेस्ट. त्याहून कमी दाब असेल तर गळतं, त्याहून जास्त असेल तर वर्षभरात चपटं होऊन परत फुगतच नाही. आई आत बघून म्हणाली आता ह्या गोळ्या कुत्र्याला पण घालता येणार नाहीत.

१५ कशामुळं, तर दोन कारणं निघाली आणि एक माझंच पाप होतं. मूळचे शॉक हलके होते. मग मी दुसऱ्या वर्षी झाकणावर सोलर पॅनल टाकला, झाकण जड झालं, उचलेना, म्हणून जास्त ताकदीचे शॉक बसवले. शॉकवर ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते, मी दुकानात जाऊन ह्याच्यापेक्षा मोठा द्या एवढंच म्हटलं होतं. आता हा शॉक टप बंद असतानाही वर ढकलतच असतो, पुढं लॅच आहे, मागं बिजागरी आहे, मधे धरायला कोणी नाही, मग फायबर मध्यावर कमानीसारखं वर येतं. दोन्ही शॉक काढून कणकेची टेस्ट परत केली, डावीकडं १५ चे १३ झाले. म्हणजे २ मिमी शॉकचे. तुमची गळती सोलर, कॅरियर, छत्री असलं काहीतरी टपावर चढवल्यानंतर सुरू झाली असेल तर पहिल्यांदा इथंच बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त शॉक काढताना दोघं जण पाहिजेत आणि झाकणाला लाकडी टेकू हवा, नाहीतर झाकण डोक्यात.

बाकीचं काम वेल्डिंगचं. टपाचा पत्रा पाऊण-एक मिमीचा, त्याला पाइप लावताना वेल्डरनं सलग फुल वेल्ड मारला होता. पातळ पत्र्याला सलग उष्णता मिळाली की तो लाटेसारखा होतो, मधे खाली बसतो. त्याला बोलावून दाखवलं. तो कन्नड, भला माणूस, पाणी बघून पहिल्यांदा एवढंच म्हणाला, "नीर सोरतैत री." म्हटलं अण्णा ते मला पण दिसतंय गळतंय ते, पण एवढा फुल वेल्ड कशाला मारला? म्हणाला, "गट्टी इरली अंत री." मजबूत राहावं म्हणून. आता ह्याला काय बोलायचं, मीच तर त्याला सांगितलं होतं की अण्णा मजबूत कर. विंगरची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे खाली वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, टपाच्या आडव्या पट्ट्या पण गाडीची ताकद असतात, त्या कापल्या की फ्रेम मजबूत पाहिजेच, त्याचं चुकलं नाही. पण वेल्डिंग इंच-दोन इंचाचे टाके मारत, एकदा इकडं एकदा तिकडं, मधे गार होऊ देत करायला पाहिजे होतं, किंवा फ्रेम सरळ पीयूनं चिकटवून. नवीन करून घेणाऱ्यांनी हे आधी बोलून घ्या. आणि भोकाचे कोपरे गोल ठेवा, काटकोनात कापलं तर पत्रा तिथून चिरतो आणि रबर पण तिथं मुडपून आतून बसतं.

ह्यावर जाड रबर लावायचा सल्ला सगळे देतात. मी पण १८ मिमीचं आणलं होतं. त्यानं काय होतं, मधली फट भरते पण कोपऱ्यात तेच रबर झाकणाला वर उचलून धरतं, लॅच लागत नाही, जोर लावून लावला तर बिजागरीवर ताण येतो. फट सगळीकडं सारखी नसेल तर रबर बदलून उपयोग नाही, खालची बैठक लेव्हल करायला पाहिजे. मी रबर पूर्ण काढलं, सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढलं (दोन रविवार गेले, केमिकलनं जातं म्हणतात पण शेवटी ब्लेडच), गंज घासून झिंक प्रायमर मारला, त्यावर टॉप कोट. मग दोन्ही बाजूंना मध्यावर ॲल्युमिनियमची ३ मिमीची पट्टी पीयूमध्ये बसवली, दोन्ही टोकांना फाइलनं घासून शून्यावर आणलेली, म्हणजे रबराला पायरी लागणार नाही. पीयू हवेतल्या दमटपणावर बाहेरून आत वाळतं, दिवसाला साधारण ३ मिमी, म्हणून जाड थराला घाई करू नका. आणि दमट हवा चालते म्हणून ओल्या पत्र्यावर मारू नका, पत्रा कोरडाच पाहिजे. काम मे महिन्यातलं आहे, जुलैत करायचं नाही.

नवीन रबर १४ चंच लावलं. जुन्याचा जोड पुढच्या बाजूला मधोमध होता, म्हणजे वारा-पाऊस जिथं आपटतो बरोबर तिथं. नव्याचा जोड मागं घेतला, टोकं काटकोनात कापून चिकटवली. मूळचे हलके शॉक परत बसवले, आता टप उचलायला हाताचा जोर लावावा लागतो, लावतो. आणि दोन्ही बाजूला मध्यावर एकेक टॉगल लॅच टाकला, ट्रंकेला असतो तसला. परत कणीक. कोपऱ्यात ८, बाकी सगळीकडं ९ ते १०. पाइपचं खालचं भोक बुजवलं नाही, चुकून पाणी शिरलंच तर तिथून बाहेर पडू दे, आत मात्र वॅक्स मारून घेतला.

चालवताना येणारं पाणी ह्यातच गेलं. गाडी वेगात असली की टपावर हवेचा दाब कमी होतो आणि झाकण वर ओढलं जातं, पुढचे लॅच जरा जरी ढिले असतील तर पुढचा काठ किंचित उठतो आणि समोरचा पाऊस आत. चोर्ला घाटात मला हे फक्त उघड्या सरळ रस्त्याला व्हायचं, वळणांवर नाही, त्यावरून कळलं. ह्याला गळती समजून सोडू नका, लॅच सुटला तर झाकण मागच्या गाडीवर जाईल. लॅच टाइट करेपर्यंत रॅचेट बेल्टनं बांधून हळू घरी या.

मधेच एक, गाडी केए २२ म्हणजे बेळगावची असो की शिनोळीपलीकडची एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरची, टप कापणं हा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो. आधी आरटीओत जाऊन परवानगी आणि आरसी बुकावर नोंद हे बघा, नाहीतर उद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला त्याच भोकातून निसटेल.

रबराला ग्रीस, डिझेल, जुनं ऑइल काही लावू नका, आमच्याकडं बीडिंग दिसलं की ऑइलचा बोळा फिरवायची सवय आहे. हे रबर बहुतेक ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असतं आणि खनिज तेलानं ते फुगून मऊ पडतं. सिलिकॉन स्प्रे किंवा साधी टाल्कम पावडर. हो, सिलिकॉनचा एवढाच उपयोग आता राहिलाय माझ्याकडं.

ह्या जुलैत परत कणकुंबीला दोन रात्री काढल्या, आत पावडर मारूनच झोपलो होतो, सकाळी पावडरीत एकही रेघ नाही. फक्त मागच्या डाव्या बिजागरीपाशी रबर घासून चकाकी आलीय, उघडताना झाकणाची कड तिथं सरकते. गळत नाही अजून, पण तेवढा हातभर तुकडा येत्या मेमध्ये बदलणार आहे, आणि बदलायच्या आधी परत एकदा कणीक.